शेऱ्याचा रकाना

सिंदी मेघे लिहिताना दोन्ही शब्द लिहावेच लागतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात दुसरी सिंदी आहे, सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे. नुसतं 'सिंदी' लिहिलं की पार्सल तिकडे जातं आणि मग दोन दिवस फोनाफोनी करावी लागते. नुसतं 'मेघे' लिहून तर काहीच कळत नाही, कारण सावंगीही मेघे, बोरगावही मेघे, पिपरीही मेघे. इथं राहणारा माणूस पत्त्याच्या बाबतीत आपसूकच काटेकोर होतो. मीही होतो. तरीही मे महिन्यातल्या एका दुपारी मी पत्ता लिहिताना नको तिथे एक जागा सोडली आणि एका ग्रंथालयाचा सर्व्हर बंद पाडला. त्यानंतर मी जे बोललो ते सर्व्हर पाडण्यापेक्षा वाईट होतं. दोन्ही इथे लिहितो आहे.

मी संगणक दुरुस्तीची आणि देखभालीची कामं करतो. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. तिथे काउंटरच्या मागे टेबलावर एक टॉवर कॅबिनेट, शेजारी यूपीएस, त्यात डेबियन लिनक्स आणि त्यावर 'कोहा' ही ग्रंथालयाची प्रणाली. कोहा न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत तिथे वापरात आली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. ती फुकट मिळते, म्हणूनच आमच्यासारख्या ठिकाणी पोचली. पुस्तकांची देवघेव, दाखल क्रमांक, दंड, नो ड्यूज, सगळं त्या एका कॅबिनेटवर चालतं.

त्या दुपारी काम किरकोळ होतं. मॅडमना, म्हणजे तिथल्या ग्रंथपालांना, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका स्कॅन करून मुलांसाठी चढवायच्या होत्या. चढवायला गेलं की 'परवानगी नाही' असा संदेश यायचा. कारण मला बघताक्षणीच कळलं होतं. ज्या फोल्डरमध्ये फाइल जायची ते रूटच्या मालकीचं होतं आणि वेबसर्व्हरला तिथे लिहायची मुभा नव्हती. योग्य उपाय दोन ओळींचा होता: फोल्डरचा गट बदलायचा आणि त्या गटाला लिहायची परवानगी द्यायची. मी तो केला नाही. ७७७ दिलं.

हे आकडे ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर मुख्यतः तीन अंक असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. बेरीज करून अंक होतो. ६४० म्हणजे मालक वाचेल आणि लिहील, गट फक्त वाचेल, बाकीच्यांना काही नाही. ७७७ म्हणजे कुणीही यावं, वाचावं, बदलावं, चालवावं. यंत्राने 'परवानगी नाही' म्हटलं की ७७७ देऊन मोकळं व्हायचं, ही माझी पंधरा वर्षांची सवय होती. ती कुणी मला शिकवली नव्हती. एकदा घाईत केलं, चाललं, मग पुन्हा केलं. गिऱ्हाईक उभं असतं, त्याला काम झालेलं हवं असतं आणि ७७७ दिल्यावर काम होतंच. यंत्र नाही का म्हणतं आहे, हे विचारायचं मी हळूहळू सोडून दिलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याला मी बोट घसरणं म्हणत नाही. बोट त्या दुपारी घसरलं, पण ७७७ लिहायला ते आधीच सरावलेलं होतं, आणि तेही रूट म्हणून, म्हणजे ज्याला यंत्र कधीच अडवत नाही अशा खात्यातून.

परवानगी बदलणाऱ्या आज्ञेला आम्ही 'चमॉड' म्हणतो. तिला 'आर' जोडला की ती फोल्डरच्या आतल्या सगळ्या फोल्डरांमध्ये खोलवर उतरत जाते. त्यापुढे पत्ता लिहायचा. पत्ता स्लॅशने सुरू होतो आणि स्लॅशला चिकटून पहिल्या फोल्डरचं नाव येतं. मी स्लॅश लिहिला, मग एक जागा सुटली, मग नाव लिहिलं. आज्ञा वाचणारा शेल जागेला फार मानतो. जागा आली की त्याच्या लेखी एक पत्ता संपला आणि दुसरा सुरू झाला. नुसता स्लॅश हा पूर्ण पत्ता आहे. त्याचा अर्थ मूळ, म्हणजे सगळा संगणक.

पुसण्याची आज्ञा आजकाल नुसत्या स्लॅशवर चालत नाही, आडून बसते. चमॉडला तसं कुंपण मुळात घातलेलं नाही, मागितलं तरच मिळतं. मी मागितलं नव्हतं.

एंटर दाबल्यावर क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर ओळी धावायला लागल्या, 'परवानगी नाही, करता येत नाही', आणि प्रत्येक ओळीत 'प्रॉक'चा पत्ता. प्रॉक ही कर्नलची आभासी जागा, माझ्या प्रश्नपत्रिकांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. कूलर चालू होता, तरी पाठीवरून घाम उतरला. कंट्रोल आणि सी दाबलं. ओळी थांबल्या. तोवर यंत्राच्या मुख्य फोल्डरांपैकी ईटीसी आणि यूएसआर पूर्ण झाले होते, व्हार अर्धा.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला त्या दिवशी समजली. एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं. सगळी पुस्तकं, सगळे सभासद, सगळे दंड जागच्या जागी होते. गेलं होतं ते कुणाला किती मुभा, याचं ज्ञान. संकेतशब्दांची फाइल कुणी वाचावी, किल्ली कुणी बघावी, कुठला प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालावा, हे हजारो लहान निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेले असतात. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सेटयूआयडी नावाची एक खूण शोधली. साध्या माणसाला एवढ्या एका कामापुरता मालकाचा अधिकार देणारी ही खूण इतकी मोलाची होती की १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. चमॉड ७७७ ने फाइलींवरची ती खूण पुसली जाते. माझ्या एका एंटरने तो 'एवढ्यापुरता' गेला आणि त्याच्या जागी 'सगळ्यांना सगळं' आलं.

त्या वेळी माझ्यासमोर रूटची खिडकी उघडी होती. ती उघडीच ठेवायला हवी होती. तेवढी एक खिडकी असली तर बसल्या जागी पुष्कळ काही सावरता येतं. शेजारून दुसरी खिडकी उघडून आत जायचा प्रयत्न केला, तर नकार आला. मी घाबरलो आणि रीबूट केलं. घाबरलेला माणूस संगणक बंद करून पुन्हा चालू करतो, हे मी इतरांच्या बाबतीत किती वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी मीच ते केलं.

यंत्र उठलं. दुरून आत यायची सोय, म्हणजे एसएसएच, उठली नाही. तिच्या किल्ल्यांच्या फाइली आता कुणालाही वाचता येत होत्या आणि अशा किल्ल्या ती वापरतच नाही. मी कीबोर्ड जोडून माझ्या साध्या खात्याने आत गेलो आणि रूटचा अधिकार घ्यायला सुडो मागितलं. सुडो म्हणालं, माझ्यावर सेटयूआयडीची खूण नाही. रूटचा संकेतशब्द मी बसवताना ठेवलाच नव्हता. डेटाबेसने आपली सेटिंगची फाइल वाचायला नकार दिला, कारण जी वही कुणीही खरडू शकतो तिच्यावर तो विश्वास ठेवत नाही. त्या यंत्रातले सगळे प्रोग्राम माझ्यापेक्षा शिस्तीचे होते.

मॅडम काउंटरवरून आल्या. बाहेर शेवटच्या वर्षाची मुलं नो ड्यूजसाठी उभी होती.

"काय होऊन राहिलं भाऊ? स्क्रीनवर काहीच येत नाही."

"अपडेट चालू आहे मॅडम," मी म्हणालो. "एक तासभर लागेल."

हे वाक्य माझ्या तोंडून सहज आलं. आधी विचार करून बोललो असतो तर कदाचित अडखळलो असतो. मॅडमनी विश्वास ठेवला, मुलांना सांगितलं की तासाभरात होतं, आणि कपाटातून जुनी रेघांची नोंदवही काढून देवघेव हाताने लिहायला घेतली. नो ड्यूज मात्र त्या हाताने देईनात, कारण तासाभरात सर्व्हर सुरू होणार होता. मी सांगितलं होतं. एक मुलगा वडिलांना घेऊन आष्टीहून आला होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकावरून. दोघं पाच वाजेपर्यंत व्हरांड्यात बसले. वडील मधूनमधून उठून दारातून आत बघायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. मी त्यांना पाहत होतो. मग ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

संध्याकाळी ग्रंथालय रिकामं झाल्यावर आत शिरायचा रस्ता सुचला. संकेतशब्दांची 'शॅडो' फाइल आता माझ्या साध्या खात्यालाही लिहिता येत होती. ती उघडली, माझ्या ओळीतलं संकेतशब्दाचं कूट रूटच्या ओळीत चिकटवलं, जतन केलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. मी रूट झालो. आनंद होण्याआधी अंगावर काटा आला. जे मी केलं ते त्या यंत्रावर खातं असलेला कुणीही करू शकत होता, आणि प्रकल्पासाठी म्हणून चार मुलांना मी तिथे खाती दिलेली होती.

रात्री अकरापर्यंत बसलेली सगळी पॅकेजं पुन्हा बसवली. नव्या फाइलींबरोबर त्यांच्या मूळ परवानग्या आल्या, सेटयूआयडीची खूण आली, सुडो चाललं. एसएसएचच्या किल्ल्यांना हाताने ६००, तात्पुरत्या फाइलींच्या टीएमपी फोल्डरला १७७७. कोहा उघडलं, पुस्तक शोधलं, सापडलं. घरी गेलो. सकाळी मॅडमना सांगितलं, अपडेट झालं.

ते झालेलं नव्हतं. डेबियनमध्ये पॅकेज पुन्हा बसवल्याने आधीपासून असलेल्या फोल्डरांच्या परवानग्या बदलत नाहीत आणि ईटीसीतल्या सेटिंगच्या फाइली जशा असतात तशाच राहतात. हे मला माहीत असायला हवं होतं. खरं सांगायचं तर तपासायचं माझ्या मनात आलं होतं. पण तपासलं आणि बिघाड निघाला तर पुन्हा यंत्र बंद करावं लागणार, पुन्हा काही सांगावं लागणार. खोटं बोललेल्या माणसाला तपासणी परवडत नाही.

अठराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. नव्या खरेदीची पुस्तकं आदल्या दिवशी नोंदवली होती, पण शोधात येत नव्हती. आमच्या मांडणीत शोधाची सूची दर पाच मिनिटांनी क्रॉन नावाचा सेवक नव्याने करतो. मी त्याची नोंद उघडली. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा: असुरक्षित परवानगी. कामांची यादी ज्या फाइलीत होती ती कुणालाही लिहिता येत होती, म्हणून क्रॉनने ती यादी पाळायचं सोडून दिलं होतं. कुणाला न सांगता, अठरा दिवस. मग मी बॅकअपचं फोल्डर उघडलं. रोज रात्री होणारा बॅकअपही त्याच यादीतून सुरू होतो. शेवटची फाइल त्या दुपारच्या आधीच्या पहाटेची होती.

त्या अठरा दिवसांत डिस्क गेली असती तर? वर्ध्याच्या जूनमध्ये वीज कशी येते-जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. डिस्क गेली नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही.

या वेळी मी हात लावण्याआधी मोजलं. घरच्या एका जुन्या संगणकावर त्याच आवृत्तीचं डेबियन आणि कोहा कोरं बसवलं. 'गेटएफएसीएल' नावाची आज्ञा फाइलींची मालकी आणि परवानग्यांची पूर्ण यादी काढून देते. दोन्ही यंत्रांच्या याद्या काढल्या आणि फरक पाहिला. फरकाच्या ओळी पडद्यावर सरकतच राहिल्या. परवानगी बदलली की फाइलीच्या 'सीटाइम'मध्ये त्या क्षणाची नोंद राहते, त्यावरून त्या दुपारी काय काय हललं तेही शोधलं. डेटाबेसचा संकेतशब्द ज्या फाइलीत होता ती अजून उघडी होती. कोऱ्या यंत्राची यादी 'सेटएफएसीएल'ने आमच्या यंत्रावर लावता आली असती, पुष्कळ जण तसंच करतात आणि ते चालतं. पण यादी फक्त परवानगी सांगते. अठरा दिवस उघड्या राहिलेल्या फाइलीत कुणी काही लिहिलं का, ते सांगत नाही. मला त्या चार विद्यार्थ्यांवर संशय नव्हता. तरी ग्रंथालयाला 'संशय नाही' एवढ्यावर ठेवणं बरोबर नव्हतं. नवी डिस्क, नवं डेबियन आणि त्यावर फक्त डेटाबेस, हाच रस्ता होता. त्यासाठी दोन दिवस ग्रंथालय बंद ठेवावं लागणार होतं आणि कारण सांगावं लागणार होतं.

त्या रात्री मी बरंच वाचलं. २०११ मध्ये 'बंबलबी' नावाच्या एका लिनक्स प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये अशीच एक जागा जास्त पडली होती आणि लोकांच्या संगणकातलं सगळं यूएसआर पुसलं गेलं होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत एनपीएम या जावास्क्रिप्टच्या साधनाची एक आवृत्ती सुडोने चालवली की सिस्टीमच्या फाइलींची मालकीच बदलायची. मला सगळ्यात जास्त लागलं ते गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर डेटाबेसचं फोल्डर पुसलं, सुमारे ३०० जीबी. सहा तासांची माहिती कायमची गेली. त्यांनी काय चुकलं त्याची टिपणं तेव्हाच्या तेव्हा सगळ्या जगासमोर उघडी ठेवली आणि दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. माझ्यासमोर जग नव्हतं. एक मॅडम होत्या आणि व्हरांड्यात एक बाप-लेक.

आणखी एक आठवलं. सेवाग्राम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गांधीजींचं आत्मचरित्र शाळेतच हातात पडलं होतं. १९१९ मध्ये त्यांनी नडियादला आपली चूक हिमालयाएवढी असल्याचं सांगितलं होतं. लहानपणी मला त्यात फक्त हिमालय दिसला होता. आता ती चूक काय होती ते नीट वाचलं. कायदा मनापासून पाळायला शिकलेला माणूसच सविनय तो मोडू शकतो, आणि ती तयारी होण्याआधीच आपण लोकांना कायदेभंगाची हाक दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. रूटचं खातं नेमकं तेच आहे. यंत्रातला प्रत्येक नियम मोडायची मुभा. ती मी पंधरा वर्षं वापरत होतो, नियम समजून न घेता.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर बसून सगळं सांगितलं. जागा, ७७७, रीबूट, अपडेट, अठरा दिवस, बॅकअप. मध्ये त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, सर्व्हर बिघडतेच. तुम्ही तवाच सांगितलं असतं की आज होत नाही, तर मी नो ड्यूज हातानं लिहून देले असते. माझ्यापाशी खतावणी होती ना. त्या आष्टीच्या पोराचे बाबा दोन दिवस बुडवून आले." थोडं थांबून म्हणाल्या, "मीच त्याईले सांगितलं, तासाभरात होते म्हणून."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं खोटं त्यांच्या तोंडून त्या माणसापर्यंत गेलं होतं.

प्राचार्यांकडेही मी गेलो. बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती. नव्या डिस्कचे आणि दोन दिवसांच्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. शनिवारी-रविवारी नवी मांडणी केली. प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरला वेबसर्व्हरचा गट दिला, ७७० ठेवलं, आणि चढवलेली फाइल उघडते का ते मॅडमकडूनच करून पाहिलं. मुलांची खाती त्या यंत्रावर पुन्हा उघडली नाहीत, त्यांना वेगळा संगणक दिला. रोजच्या बॅकअपची प्रत आता दुसऱ्या इमारतीत जाते आणि कागदावर मॅडमची सही होते की आज फाइल आली. महिन्यातून एकदा तो बॅकअप घरच्या जुन्या संगणकावर उतरवून कोहा उघडतं का पाहतो. रोजचं काम साध्या खात्याने करतो. सुडो एका आज्ञेपुरतं घेतो आणि एंटर दाबण्याआधी पत्ता मोठ्याने वाचतो, जागेसकट.

सोमवारी एक काम उरलं होतं. त्या मेच्या दुपारी हाताने लिहिलेल्या सदतीस नोंदींपैकी बऱ्याच कोहात चढल्याच नव्हत्या. मॅडम घाईत राहून गेलं म्हणाल्या, पण कारण मला माहीत होतं: दुसऱ्या दिवशीही यंत्र मधूनमधून अडत होतं आणि मी 'अपडेटनंतर असं होतं' म्हणालो होतो. त्यांनी जुनी नोंदवही उघडली. दाखल क्रमांक त्या वाचायच्या, मी टाकायचो. अकरावी-बारावी नोंद झाल्यावर माझं लक्ष पानाच्या उजव्या कडेला गेलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सर्व्हर अपडेट. खाली सगळ्या नोंदींपुढे तीच तीच खूण, वरीलप्रमाणे.

मी पेन मागितलं. मॅडमनी वही माझ्याकडे वळवली आणि पट्टीही दिली. त्यांच्या अक्षरावर मी एक सरळ रेघ मारली. रकाना अरुंद होता, म्हणून लिहायला दोन ओळी लागल्या: देखभाल करणाऱ्याच्या चुकीमुळे सर्व्हर बंद. खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख टाकली.

त्यांनी वही पुन्हा स्वतःकडे ओढली, बोटाने ओळ शोधली आणि पुढचा क्रमांक वाचला.